साजरा रंग

विश्वनाथनं रुमालानं काचेची नळी पुन्हा पुसली. नळीवर बोटाचा डाग असला तरी रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या कलरीमीटरचा काटा पुढं सरकतो, हे तो धंतोलीतल्या या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकला होता. आज असा एखादा डाग सापडावा म्हणून तो देवाला नवस बोलायलाही तयार होता.

नळीत त्याच्या धाकट्या बहिणीच्या, गोपिकाच्या रक्तातलं निवळ पाणी तपासायला घातलं होतं. मूत्रपिंडं थकली की रक्तात घाण साचते, आणि जितकी घाण जास्त तितकं त्यात मिसळलेलं पिवळं औषध केशरी होत जातं. डॉक्टरांनी त्याला एकट्याला सांगून टाकलं होतं, ''यावेळी आकडा उतरला तर ठीक. नाही तर घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला.'' बोलणाऱ्याचं काय जातं!

त्यानं नुसत्या औषधाची पिवळी नळी ठेवून काटा शून्यावर आणला. मग गोपिकाची नळी बसवली. काटा मागच्या खेपेच्याही पुढं जाऊन थांबला. पुन्हा पुसली, पुन्हा बसवली. मेला जरासुद्धा मागं येईना.

''झालं का गा?'' डबा घेऊन रुख्माबाई, त्याची आई, आत आली. कोष्टीपुऱ्यात जन्मभर सूत रंगवलेली बाई ती. नळ्यांकडं पाहताच तिचा चेहरा उजळला.

''ही पिवळी कोनाची?''

''ते नुसतं औषध हाय, माय.''

''अन् ही केशरी?''

''आपल्या गोपीची.''

''अवं माय, किती साजरा रंग चढला!'' हौदातून काढलेली लडी धरावी तशी तिनं नळी उजेडात धरली. ''रक्त भरून राहिलं पोरीचं! अन् तू काहून तोंड पाडून बसला? थांब, तिले सांगतो.''

नळी ठेवून ती लगबगीनं बाहेर बाकावर बसलेल्या गोपिकाकडं गेली.  विश्वनाथनं नळी उचलली आणि बेसिनमध्ये उलटी केली.

''काहून सांडला गा?'' दारातून रुख्माबाई ओरडली. ''तिच्या लुगड्याले रंगाचा नमुना न्यायचा होता मले!''

तिच्यामागं भिंत धरून गोपिका उभी होती. तिनं बेसिनकडं पाहिलंच नाही. भावाच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग सुजलेल्या पावलांवर लुगडं ओढून घेत हळूच म्हणाली, ''राहू दे वं माय. दादा दुसरा बनवून देईल.''