कुंपणाकडची माती

गोझेलिनला ज्युपिटर, म्हणजे स्टेडियमचे झगझगीत दिवे, आले तेव्हा उजेडात बघण्यासारखं गावात फारसं काही उरलं नव्हतं. बिटाच्या साखरेचा कारखाना केव्हाच बंद पडला होता, सिनेमाघराचं फर्निचरचं गोदाम झालं होतं, आणि मोटारसायकल शर्यतींचा संघ लीगच्या तळाला असा चिकटून बसला होता की खालून कुणी पाय धरून ठेवलेत असं वाटावं. पण टीव्हीवाल्यांना शर्यती रात्री हव्या होत्या. रात्री जाहिराती उठून दिसतात म्हणे. मग स्टेडियमच्या चार कोपऱ्यांत चार उंच खांब उभे राहिले, त्यांच्यावर दिव्यांचे पट्टे चढले, आणि संघाचे अध्यक्ष विल्गा यांनी जाहीर केलं की आता गोझेलिन जगाला दिसेल. जगानं तशी मागणी कधी केली होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

उद्घाटनाला फादर मारियुश आले. त्यांनी चारही खांबांना आशीर्वाद दिले, आणि हात वळलाच आहे तर ट्रॅकवरही थोडं पवित्र पाणी शिंपडलं. झेनॉन स्किबा बाजूला टोपी हातात घेऊन उभा होता. ट्रॅकवर आपल्याला न विचारता कुणी पाणी टाकलेलं त्याला खपत नसे. पण फादरांना काय बोलणार. त्यानं फक्त ते कुठे पडलं ते बघून ठेवलं.

झेनॉन ट्रॅकची माती सांभाळायचा. गोझेलिनमध्ये हे काम म्हणजे मेयरपेक्षा मोठं आणि पगारानं शाळेच्या शिपायाएवढं. चार गाड्या, चार फेऱ्या, मिनिटभरात शर्यत संपते, आणि एका सामन्यात अशा बऱ्याच शर्यती; गाड्यांना ब्रेक नसतात आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं असतं. अशा वेळी सगळं मातीवर असतं. कुठे सैल ठेवायची, कुठे दाबायची, कुठे पाणी किती. आपल्या पोरांना जमेल आणि पाहुण्यांच्या नाकी नऊ येतील अशी माती करणं हा इथला रिवाज. सगळे करतात, सगळे नाकारतात, आणि पंच तिकडे बघत नाहीत. झेनॉननं निम्मं आयुष्य हेच केलं होतं, रविवारच्या दुपारी, सूप-कटलेटचं जेवण झाल्यावर, उन्हात. दुपारी तीनचं ऊन त्याला घरच्या माणसासारखं माहीत होतं. कोणत्या शर्यतीनंतर कुठली माती सुकेल, हे तो टोपी कपाळावर सरकवून सांगायचा. चुकला असं कुणाला आठवत नव्हतं. त्याला स्वतःला तर अजिबातच नाही.

रात्रीचा पहिला सामना लागला तोच क्रोस्नोवोशी. क्रोस्नोवो म्हणजे शेजारचं गाव, आणि शेजारी असणं एवढाच त्यांचा गुन्हा पुरेसा होता. त्यात यंदा हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार हे नक्की. आणि क्रोस्नोवोकडून पळणार होता ओलेक, झेनॉनचा एकुलता एक मुलगा.

विल्गांनी झेनॉनला ऑफिसात बोलावलं, दार लावलं, कॉफी मागवली. कॉफी मागवली म्हटल्यावर काम गलिच्छ आहे हे झेनॉनला कळलं.

“झेनॉन, ओलेक कुठून जातो हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल.”

“बाहेरून. कुंपणाला घासून.”

“मग बाहेर काय ठेवणार आहात?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. आतल्या बाजूला पोटभर पाणी. बाहेर नुसती कोरडी भुकटी. चारपाच शर्यतींत ती उडून लोकांच्या बिअरमध्ये जाईल. खाली राहील कडक तळ. त्यावर चाक पकड घेत नाही.”

“पडणार नाही ना तो?” विल्गांनी विचारलं.

“ओलेक? त्याला पहिल्याच वळणाला कळेल. पडणार नाही. मागे राहील.”

“तुम्हाला बाप म्हणून काही...”

“मी माती बघतो,” झेनॉन म्हणाला, आणि कॉफी तशीच ठेवून उठला.

घरी इर्मिना काकड्या बरण्यांत भरत होती. घर दुसऱ्या वळणाच्या मागेच. मधे कुंपण, चेरीची दोन झाडं आणि तिचे कोबीचे वाफे. इतकी जवळ असूनही ती कधी स्टेडियमवर गेली नव्हती. आधी नवरा तिथे आणि मग मुलगा गाडीवर, एवढं तिला बघवत नसे. ओलेक पळत असला की ती स्वयंपाकघरात बटाटे सोलायची आणि कानानं इंजिनं मोजायची. चारचा आवाज चारच राहिला की तिचा बटाटा पूर्ण व्हायचा. तीन झाला की सुरी थांबायची.

“काय ठरलं?” तिनं बरणीत बडीशेप कोंबत विचारलं.

“काय ठरायचंय. माती करायची.”

“त्याच्या वाटेवर भुकटी टाकणार असशील.”

“तो क्रोस्नोवोचा आहे.”

“असं का. मग बाळंतपणाच्या कळा मला कशाला आल्या होत्या, क्रोस्नोवोलाच यायला हव्या होत्या.”

झेनॉननं बरणीतली एक काकडी काढून खाल्ली. अजून मुरली नव्हती, पण बोलण्यापेक्षा बरी.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या आदल्या रात्री ओलेकनं जेवणाच्या टेबलाशी सांगितलं होतं की मी गोझेलिन सोडून क्रोस्नोवोशी करार करतोय. ती वेळ वाईट निवडली होती. सगळे हातात पवित्र पापडी घेऊन उभे होते. एकमेकांची पापडी मोडून खायची, वर्षाचं सगळं माफ करायचं आणि मग जेवायला बसायचं, अशी ती घडी. झेनॉननं आपली पापडी पुन्हा बशीत ठेवली. बस्स, तेवढंच. ओलेक कोट घालून निघून गेला. पुढच्या नाताळला इर्मिनानं टेबलावर दोन रिकाम्या ताटल्या मांडल्या: एक अवचित येणाऱ्या पाहुण्याची, जी प्रत्येक घरात असते, आणि एक त्याची. पाहुणाही आला नाही आणि तोही नाही. मासा दोन दिवस पुरला.

सामन्याचा दिवस उजाडला तो लख्ख. पूर्वी लोक चर्चमधून घरी, घरून जेवून स्टेडियमवर, असे तरी शुद्धीत यायचे. आता रात्रीपर्यंत थांबायचं म्हणून दुपारपासून थांबायला सुरुवात झाली होती, आणि बिअरशिवाय थांबायची गोझेलिनला सवय नाही. झेनॉननं मात्र सगळं नेहमीसारखं केलं. दुपारी टँकर फिरवला, आतली बाजू भिजवली. ट्रॅक्टरनं बाहेरची माती चाळणीतल्या पिठासारखी मऊ केली. अंगठ्यानं दाबून बघितली, चिमूट वाऱ्यावर सोडली. उत्तम. इतकं स्वच्छ, प्रामाणिक काम त्यानं कित्येक दिवसांत केलं नव्हतं. स्वतःच्या मुलाविरुद्ध केलेलं असल्यामुळे तर त्याला त्यात जरा पुण्यही दिसत होतं.

फक्त एक गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. दुपारी तीनला जे ऊन असतं, ते रात्री साडेआठला नसतं. हे लहान मूलही सांगेल. म्हणूनच कदाचित इतक्या वर्षांच्या जाणकाराला ते सुचलं नाही.

ज्युपिटर लागले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. गवत खोटं वाटावं इतकं हिरवं झालं. पहिल्या वळणावरच्या लोकांनी सवयीनं धुळीचे चष्मे डोळ्यांवर चढवले, सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या फुटल्या, मांडीवर कार्यक्रमपत्रिका उघडल्या, गुण लिहायला पेनं निघाली. पहिल्या तीनचार शर्यती गोझेलिनच्या पोरांनी आतून झोकात मारल्या. ओलेक एकदा बाहेर गेला, चाक फिरलं, तिसरा आला. विल्गांनी मानाच्या खुर्चीतून झेनॉनकडे बघून हलकेच मान हलवली.

मग ओब्रा नदीवरून गारवा आला. आवाज न करता, गेटवर तिकीट न काढता. झेनॉन ट्रॅक्टरजवळ उभा होता; त्यानं बॉनेटवर हात ठेवला तर तळवा ओला झाला. तो हाताकडे बघत राहिला. आतली बाजू, पोटभर पाणी प्यालेली, आता सुकायचं नाव घेईना; तिचा चिखल झाला. आणि चाकांनी तोच ओला चिखल उडवून उडवून कुठे नेऊन टाकला, तर बाहेर, कुंपणाकडे, त्या भुकटीवर. भुकटी उडालीच नाही. दव पडून, चिखल मिसळून ती केकच्या पिठासारखी जमली. धुळीचे चष्मे लावून बसलेल्या लोकांवर धुळीचा कण आला नाही.

पुढच्या शर्यतीत ओलेक सर्वांत मागून निघाला, कुंपणाकडे गेला, आणि चाकाखाली कुणी गालिचा अंथरल्यासारखा तिघांच्या बाहेरून निघून गेला. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा. मग क्रोस्नोवोचे बाकीचेही त्याच्या मागोमाग बाहेरून जाऊ लागले. गोझेलिनची पोरं आत चिखलात बदकांसारखी फडफडत होती.

“झेनेक,” वरून कुणीतरी झेनॉनचं लाडाचं नाव घेऊन ओरडलं, “पोराला अंथरूण छान घातलंस.”

“पांघरूण पण घाल,” दुसरा म्हणाला.

हळूहळू लोक ट्रॅककडे बघायचे थांबले आणि झेनॉनकडे बघू लागले. ज्युपिटरच्या उजेडात त्याचा चेहरा अख्ख्या गावाला सुरकुत्यांसकट स्पष्ट दिसत होता. दिव्यांवर झालेला खर्च तिथे वसूल झाला.

शेवटच्या शर्यतीनंतर ओलेक गाडी वळवून सरळ ट्रॅक्टरपाशी आला. चिखलानं माखलेला, फक्त डोळ्यांभोवती गॉगलएवढा माणूस शिल्लक. त्यानं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बोटांनी दोनदा टकटक केलं. लहानपणी तो बापाच्या मांडीवर बसून ट्रॅकभर फिरायचा, तेव्हा ‘आता पुढे चल’ म्हणायची ही त्याची पद्धत होती.

“बाबा,” तो म्हणाला, “कळलं मला.”

“काय कळलं?”

“बाहेरची माती. एवढी तर तू मी इथे असतानाही कधी ठेवली नाहीस माझ्यासाठी.” त्यानं हातमोज्यानं नाक पुसलं, ते आणखी काळं झालं. “लोक तुला खाऊन टाकतील रे.”

झेनॉनचं तोंड उघडलं. त्यात खरं उत्तर अगदी तयार होतं.

“आईला सांग,” ओलेक म्हणाला, “नाताळला जेवायला येतो. मासा मोठा आणा.”

झेनॉननं तोंड मिटलं.

ऑफिसात विल्गा वाट बघत होते. या वेळी कॉफी नव्हती. बाहेर टीव्हीवाल्यांची पोरगी माइक घेऊन उभी होती; तिच्या मते हंगामातला सगळ्यांत सुंदर सामना झाला होता. खालच्या लीगमध्ये इतक्या सुंदर पद्धतीनं कुणी गेलं नव्हतं.

“तीस हजार डोळ्यांनी बघितलंय, झेनॉन,” विल्गा म्हणाले. गावात माणसं त्याच्या निम्मीही नव्हती, पण दुःखात आकडे वाढतात. “मला एकच सांगा. चुकलात की मुद्दाम केलंत? चुकला असाल तर बाहेर जाऊन माइकवर तेवढं सांगा. रात्रीचं दव लक्षात आलं नाही, बाहेरची बाजू निकामी करायची होती ती साधली नाही. लोक दोन दिवस हसतील, मग विसरतील. नोकरी राहील.”

झेनॉननं विचार केला. एका बाजूला नोकरी, आणि सगळ्या देशाला टीव्हीवर कळणार की गोझेलिनच्या स्किबाला दव पडतं हे माहीत नाही. त्या देशात क्रोस्नोवोही येतं, आणि क्रोस्नोवोत टीव्हीसमोर ओलेकही. दुसऱ्या बाजूला गद्दार हा शब्द, जो गावात नातवंडांपर्यंत टिकतो.

“मुद्दाम केलं,” तो म्हणाला.

विल्गा खुर्चीतून अर्धे उठले. “माझ्या तोंडावर सांगता?”

“तुम्ही विचारलंत.”

“कॉफी प्यायला बसला होतात इथे. भुकटी म्हणालात.”

“कॉफी मी प्यालो नाही,” झेनॉन म्हणाला. ट्रॅक्टरची किल्ली त्यानं टेबलावर ठेवली. ती ठेवताना मात्र हात जरा रेंगाळला.

घरी स्वयंपाकघरात दिवा लावलेलाच नव्हता. ज्युपिटरच्या उजेडात भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं. टेबलावर सोललेल्या बटाट्यांचा ढीग होता, पाहुणे बोलावल्याशिवाय संपणार नाही एवढा.

“चारही चालू राहिली,” इर्मिना म्हणाली. “प्रत्येक वेळी.”

“ओलेक नाताळला येतोय.”

तिची सुरी थांबली. “कसा काय?”

झेनॉननं सगळं सांगितलं, भुकटीपासून किल्लीपर्यंत. मग तिनं एक बटाटा उचलून त्याच्यासमोर ठेवला आणि सुरी दिली.

“म्हणजे पोराला अडवायला गेलास, ते जमलं नाही, म्हणून तो घरी येतोय.”

“असंच काहीसं.”

“आयुष्यात एकदा चुकलास, तर केवढं काम झालं. आधीच चुकायचंस.” ती उठून किटली ठेवायला गेली, आणि पाठमोरीच म्हणाली, “त्याला कधी सांगायचं नाही. मरतानासुद्धा नाही. मरताना माणसं फार बोलतात.”

पुढच्या आठवड्यात फोन येऊ लागले. तीन वेगवेगळ्या क्लबांनी विचारलं, रात्रीच्या ट्रॅकची बाहेरची बाजू तुम्ही अशी कशी बांधता, येऊन शिकवाल का? झेनॉननं गंभीर आवाजात सांगितलं, फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ती. हे अगदी खरं होतं. दरम्यान गोझेलिन खालच्या लीगमध्ये गेलं. तिथे शर्यती रविवारी दुपारी असतात, जेवणानंतर, आणि दिव्यांची गरज पडत नाही. चारही ज्युपिटर वर्षभर उन्हात उभे राहून कावळ्यांच्या उपयोगी पडले.

इर्मिना रोज अंधार पडला की खिडकीतून बघायची. झेनॉन कोबीच्या वाफ्यात उकिडवा बसलेला असायचा, हातात टॉर्च. एक चिमूट माती उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, थोडा वेळ थांबायचा, पुन्हा उचलायचा.

“काय करतोयस?” ती विचारायची.

“काही नाही,” तो म्हणायचा. “कोबी बघतोय.”