ढब्बीचा मुक्काम

"या ढब्बीचं बाळंतपण चाललंय की काय? आत गेली ती बाहेर यायचं नावच घेत नाही."

काड्या ड्रायव्हर हे बोलला तो माझ्या खिडकीच्या जाळीला पाठ टेकून, शेजारच्या ड्रायव्हरच्या कानात. त्याला वाटलं, मी आत फिल्टर मोजण्यात गुंतलेय. गुंतले होतेच, पण हात कामात असले म्हणून कान काही बंद होत नाहीत.

"दुसऱ्यांच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून मी किती दिवस जायचं? एवढा गाड्यांची नाडी ओळखणारा मिस्त्री, आणि एक क्लच जमेना?"

"हळू बोल. मावशी आहेत आत."

मावशी म्हणजे मी. या ट्रकवाल्यांच्या वर्कशॉपचं स्टोअर मी सांभाळते. नटापासून क्लच प्लेटपर्यंत सगळं माझ्या खिडकीतून जातं. आमचे हे तिथेच हेड मिस्त्री. दिवसभर नवरा-बायकोचा संसार जाळीतूनच चालतो. "बेअरिंग दे." "जुनं आणा." कारण नियम तसा आहे, आणि तो यांनीच घातलाय. जुना पार्ट खिडकीत ठेवल्याशिवाय नवा मिळायचा नाही. मग समोर मालकाचा मेहुणा असो, नाहीतर माझा नवरा.

हे यायच्या आधी इथे गाड्या मोडल्या की मग दुरुस्त व्हायच्या. माल रस्त्यात, गाडी रस्त्यात, ड्रायव्हर गाडीखाली. यांनी येऊन सांगितलं, गाडी ओरडायची वाट बघायची नाही. यार्डात शिरली की ड्रायव्हरने चहाला जायच्या आधी टायरवर हातोडी वाजवायची, ऑइल बोटावर घेऊन बघायचं, ग्रीस भरायचं. फिल्टर बदलायचा तो गाडी किती चालली ते बघून, बंद पडली म्हणून नाही. ड्रायव्हर हसायचे. म्हणायचे, मिस्त्री एक दिवस आमच्या छातीला कान लावून आमचंही ऑइल बदलतील. पण रस्त्यात गाड्या बसायच्या थांबल्या. सकाळी शेडमध्ये घेतलेली गाडी संध्याकाळी बाहेर, हा यांचा शब्द, आणि तो सगळ्या यार्डात चालायचा.

त्याच शेडच्या कोपऱ्यात ढब्बी अख्खा उन्हाळा उभी होती.

ढब्बी माझ्या मुलाची गाडी. म्हणजे मालकाची, पण चालवायचा तोच. तिचं नाक पुढून फुगलेलं, म्हणून नावही त्यानेच ठेवलेलं. एकदा मालावर चढून ताडपत्री बांधत होता. ओढता ओढता दोर तुटला आणि तो पाठीवर खाली आला. गाडी उभी, इंजिन बंद. एवढे घाट, एवढं धुकं, सगळ्यातून धड परत आलेल्या माझ्या पोराला उभ्या गाडीने पाडलं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना दाराबाहेर नेऊन काय ते स्पष्ट सांगितलं. यांनी नीट ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाले, "ढब्बीचा क्लच उतरवून ठेवतो. पोरगा उठेपर्यंत गाडी तयार पाहिजे."

डॉक्टरांचं वाक्य आम्ही त्या दाराबाहेरच ठेवून आलो. घरात ते कोणी आणलं नाही. मीही नाही.

आमच्या यार्डात पद्धत अशी, की गाडी शेडमध्ये आहे तोवर ती तिच्या ड्रायव्हरचीच. दुरुस्त होऊन बाहेर आली आणि ड्रायव्हर हजर नसला, तर मात्र चावी दुसऱ्याकडे जाते. काड्याला जे कोडं वाटत होतं, ते एवढंच होतं.

क्लच प्लेट खिडकीत आली तेव्हा मी ती हातात घेऊन बघितली. अर्धीसुद्धा झिजली नव्हती. मग वॉटर पंप आला, तो बोटाने फिरवला तर लोण्यातून फिरावा तसा फिरत होता. मग गिअरबॉक्सचं बेअरिंग. मी यांच्याकडे बघायचे, हे जाळीकडे बघायचे. मी नवा पार्ट सरकवायचे आणि जुना पुसून मागच्या फळीवर ठेवायचे. तिथे आता जवळजवळ अर्धा ट्रक जमलाय. चाकं लावली तर चालेलसुद्धा.

काड्या कुरकुरला त्याच दुपारी मालक शेडमध्ये आले. माणूस वाईट नाही. बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"मिस्त्री, तुम्हाला मी कधी काही विचारलं नाही. पण माल पडून राहिलाय, काड्याला स्वतःची गाडी नाही. उद्या सकाळपर्यंत ढब्बी सुटली नाही, तर बाहेरचा मिस्त्री बोलावून दाखवावी लागेल."

"बघतो," हे म्हणाले.

बाहेरचा मिस्त्री ढब्बीखाली शिरेल, हात पुसत बाहेर येईल आणि सगळ्यांसमोर काय बोलेल, ते मला ठाऊक होतं. यांनाही होतं. उभ्या जन्मात मिळवलेलं नाव त्या एका वाक्यात जाणार होतं.

थोड्या वेळाने हे खिडकीशी आले. डिझेल पंप समोर ठेवला. "नवा दे."

पंप चकचकीत होता.

"अहो..."

"काय?"

अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "मिशीला ग्रीस लागलंय," आणि नवा पंप सरकवला.

संध्याकाळी घरी आलो की हे आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतात आणि मग मुलाच्या पायांना तेल लावायला बसतात. बोटं, घोटे, गुडघे, सांधा न् सांधा हलवतात. "चालतं ठेवलं नाही तर गंज धरतो," म्हणतात. आणि तो खाटेवर पडल्या पडल्या विचारतो, आज ढब्बीचं काय केलं. हे सांगतात, तो चुका काढतो, दोघं वाद घालतात. घरात तेवढाच वेळ कोणीतरी मोठ्याने बोलतं.

"आज काय?"

"डिझेल पंप. उद्या नोझल बघतो."

"पंप तर नवा होता, बाबा. मी पडायच्या आधी तुम्हीच बसवलेला."

"नव्यातही खोट निघते." हे तळव्याला तेल चोळत राहिले.

"मालक काय म्हणाले?"

यांनी वाटीतलं तेल परत हातावर घेतलं. मी ओट्याशी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या बाहेरचा मिस्त्री आणतायत."

यांचे हात थांबले, मग परत चालू झाले. घोट्याच्या वर अंगठा दाबून यांनी रोजचा प्रश्न विचारला, "इथे कळतंय?"

पोराचं रोजचं उत्तर मला पाठ आहे. "थोडं थोडं." मी तेच ऐकायला कान दिला होता.

"नाही कळत."

"नीट बघ. इथे?"

"कधीच कळलं नाही, बाबा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणायचो." त्याने हात लांब केला, तो यांच्या खांद्यापर्यंत पोचला नाही, बाहीला लागला. ती धरून तो म्हणाला, "ढब्बीला काही झालेलं नाही. झालंय ते मला, आणि ते नीट व्हायचं नाही. सकाळी तिला बाहेर काढा आणि चावी काड्याला द्या. मी आता गाडी चालवणार नाही."