बॉलपॉइंट आणा

आमच्या दिव्यानीचा बाप भोळा आहे म्हणते सारं गाव. भोळा! आठ दिवस तुमच्या घरी ठेवा, मंग सांगा.

दुसऱ्या दिवशी आरमोरीले कबड्डीची फायनल, अन् पोरगी तोंड फुगवून बसली होती. मागल्या साली कोरपन्याले तिची जर्सी भर मैदानात काखेपासून उसवली. लोकं हासले, ती रडत बाहेर आली. यंदाची जर्सी ढगळ होती, म्हणून मी दोन्ही बाजूंनं टीप मारून आवळली. तिनं हात वर केला, अन् टर्र!

"माय, मी नाई खेळत," म्हणे. 

घोळ सुईचा होता. मी शिवते ब्लाऊज-परकर, माझी सुई टोकदार. जर्सीचं कापड ताणणारं, त्याच्यात ते टाके गाळते, भोकं पाडते. तिथं गोल टोकाचीच सुई लागते. बॉलपॉइंट म्हणतात तिले. दिव्यानीचा बाप बाजारात निघाला होता. मी मशीनवरूनच ओरडली, "येतानी बॉलपॉइंट आणा! इसरू नका!"

नाई इसरला. आला अन् खिशातून पेन काढला.

"लाल नाई भेटला. निळा आणला. चालते ना?"

"पेनानं शिवू काय जर्सी? अक्कल बाजारात इकून आले का?"

"सुई म्हटली असती तं सुई आणली असती."

याच्यावर मी आणखीच जोरात भांडली.

मंग मीच गेली इनायतभाऊच्या दुकानात. ते खेळाचे कपडे शिवतात. पेनाची गोष्ट ऐकून हासता हासता त्याइले चष्मा काढून डोळे पुसा लागले.

"गुणाबाई, हे सुई घ्या. धाग्याले तोडत नाई, बाजूले सारून जाते. अन् शिवतानी कापड जरासं ताणून धरा. अन् घरी पेनवाल्या लटारूभाऊले सलाम सांगा!"

घरी येऊन जुनी टीप उसवली, नवी मारली. पोरीनं दहा वेळा हात वर केला, तवा कुठं जेवली.

फायनलमंधी शेवटची चढाई दिव्यानीची होती. गडचांदूरच्या तीन पोरी तिच्यावर तुटून पडल्या. एकीनं पाय धरला, एकीनं कंबर, एकीच्या मुठीत जर्सी. मी डोळेच मिटले. मंग एकदम कल्ला झाला. पाह्यते तं आमची वाघीण तिघींले ओढत रेषेवर!

धावत माझ्यापाशी आली, हात वर करून. "माय, पाह्य! एक टाका नाई उसवला!"

मले रडूच आलं बाप्पा. तिले अशी घट्ट धरली का तिची सारी धूळ माझ्या लुगड्याले लागली.

तिकडं पंच निकाल लिहून राह्यले होते अन् त्याइचा पेन बंद पडला. ते पेन झटकत होते, तोवर दिव्यानीचा बाप ऐटीत पुढं झाला. खिशातून निळा पेन काढून दिला, अन् गर्दीतून माझ्याकडं पाहून ओरडला, "चालते ना?"

"चालते बाप्पा," मी म्हटलं, "आज सारंच चालते!"