‘व्हेन’च्या पुढचं वाक्य

डोळ्यांसमोर आणा बरं: सायकल दुरुस्तीचं एक लहानसं दुकान. मागच्या भिंतीवर हुकाला एक लाल सायकल टांगलेली आहे, तिला चेन नाही. तिच्या बरोबर खाली बसून एक मुलगी वहीतलं वाक्य खोडते आहे. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली आहे.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. दुकान तिच्या बाबांचं आणि लाल सायकल तिची स्वतःची. उद्या वर्गाची सायकलसहल होती. शाळेतून गृहपाठही मिळाला होता: घरात ऐकलेली तीन वाक्यं ‘व्हेन’ वापरून इंग्रजीत लिहायची आणि त्यांतलं गौण वाक्य ओळखून त्याचा प्रकार सांगायचा.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, जन्मभर इंग्रजी शिकवून आता निवृत्त झाली होती आणि दुपारी दुकानात येऊन बसायची. ती वहीत डोकावली. वहीत एवढंच होतं: ‘व्हेन आय गेट टाइम.’

“हे कुणाचं?”

“बाबांचं. सायकलचं विचारलं की म्हणतात, जेव्हा वेळ मिळेल तेव्हा.”

“आणि पुढे?”

“पुढे काहीच म्हणत नाहीत.”

आत्याने चष्मा पुसला. गौण वाक्य म्हणजे स्टँड नसलेली सायकल, ती म्हणाली. तिला टेकायला भिंत लागते, आणि ती भिंत म्हणजे प्रधान वाक्य. तुझ्या बाबांचं वाक्य दोन महिने आडवं पडलंय. जा, त्याच्याकडून प्रधान वाक्य घेऊन ये.

बाबा एका गिऱ्हाइकाचं डगमगतं चाक फिरवून सरळ करत होते. मान वर न करता ते म्हणाले, सायकल कधी होईल ते मला तरी कुठे माहीत आहे?

भिंगरी तोंड पाडून परत आली. आत्या मात्र खूश झाली. काय माहीत नाही? ‘कधी होईल ते.’ नामाच्या जागेवर ऐटीत बसलंय की नाही? म्हणजे नामवाक्य. एक झालं.

दुसऱ्या खेपेला बाबांनी सांगितलं, ज्या दिवशी एकही गिऱ्हाईक येणार नाही, त्या दिवसाची मी वाट बघतोय. कोणता दिवस ते सांगतंय, म्हणून हे विशेषणवाक्य, आत्या म्हणाली. मग आवाज चढवून तिने भावाला विचारलं, “अरे शहाण्या, असा दिवस उजाडला तर खाशील काय?”

बाबा हसले, पण हातातला पाना थांबला नाही.

तिसऱ्या खेपेला भिंगरीने काही विचारलं नाही. नुसती वही त्यांच्यापुढे धरली.

“बाबा, एकच वाक्य कमी पडतंय. सहल उद्या आहे.”

चाक फिरायचं थांबलं. बाबांनी वर टांगलेल्या लाल सायकलकडे पाहिलं, मग लेकीकडे.

“दुकान बंद झालं की तुझीच सायकल हातात घेतो. आत्याच्या देखत सांगतो, मग तर झालं?”

“कधी ते सांगतंय, म्हणजे क्रियाविशेषणवाक्य!” भिंगरी ओरडली.

“आणि प्रधान वाक्यही मिळालं,” आत्या म्हणाली. “आता पहिलं घडलं की दुसऱ्याला घडावंच लागेल. त्यात बाबांनासुद्धा सूट नाही.”

दुकान रात्री नऊला बंद होतं आणि तोवर बाबा बसल्या बसल्या पेंगायला लागतात, हे भिंगरीला पाठ होतं. आत्ता चार वाजले होते. चाक बसवून देऊन बाबांनी पाना खाली ठेवला आणि गिऱ्हाईक सायकल घेऊन बाहेर पडलं.

तिने ‘दुकान बंद झालं की’ याच्याखाली दोन रेघा ओढल्या. पेनाला टोपण लावलं. दारापाशी जाऊन, टाचा उंचावून, ‘उघडे आहे’ची पाटी उलटी केली. मग स्टूल ओढत आणून ते हुकाखाली ठेवलं आणि पाना बाबांच्या हातात दिला.