निळ्या पाठीची दश्शी

मित्रांनो, सगळ्यांची ओळख तोंडावरून होते, माझी मात्र पाठीवरून होते. मी एक जुनी दश्शी आहे, पत्त्यांतली, चौकटची. ज्या कॅटमध्ये माझं आयुष्य गेलं, त्यातल्या बाकी सगळ्या पानांच्या पाठी लाल आहेत आणि माझी एकटीची निळी. आता तुम्ही म्हणाल, असं कसं झालं? तर त्याला कारण आमच्या वाडीतल्या ठकूबाईची शेळी.

आमची वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. अंगणात उभं राहिलं की खाली महामार्ग दिसतो आणि कशेडी घाटाकडे निघालेले ट्रक दिसतात. वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला नोकरीला. मेंढीकोट खेळायला चार माणसं जमेनात, तेव्हा बायका खेळायला बसल्या आणि बघता बघता त्यांनी पुरुषांच्या नाकी नऊ आणले. हा खेळ तुम्हाला माहीत असेलच. दोन-दोन भिडू समोरासमोर बसतात, आणि चार दश्श्यांपैकी जास्त दश्श्या जो पक्ष जिंकतो त्याचा डाव. एक्के-राजे रुबाब करतात खरे, पण सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो आम्हा दश्श्यांत. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, तेवढं चालवून घ्या.

पावसाळ्यात पानं सर्द होतात. एकदा मधेच ऊन पडलं म्हणून ठकूबाईने सगळा कॅट सुपात पसरून अंगणात ठेवला. शेळी आली आणि नेमकी चौकटची दश्शी खाऊन गेली. दुर्री-तिर्री खाल्ली असती तर कुणी तिला बोललंही नसतं. पण दश्शीवाचून मेंढीकोट कसला? खेळ बंद पडला.

त्याच पावसाळ्यात कशेडीत दरड कोसळली आणि ट्रक जागच्या जागी अडकले. वाडीतून ड्रायव्हर लोकांसाठी भाकऱ्या आणि पिठलं खाली गेलं. मी तेव्हा त्यांच्यातल्याच एकाच्या निळ्या कॅटमध्ये होते. नुकती कारखान्यातून आले होते, अंगावर कोरी चकाकी होती. जेवता जेवता ठकूबाईने शेळीचा पराक्रम सांगितला. सगळे हसले, पण त्या ड्रायव्हरने मला कॅटमधून काढून तिच्या हातावर ठेवलं. म्हणाला, आम्हाला पुढे कुठल्याही टपरीवर दुसरा कॅट मिळेल, तुम्हाला डोंगरात कोण आणून देणार? स्वतःचा भरला कॅट मोडून दिला हो त्याने. तो मला पुन्हा कधी दिसला नाही, पण त्याचं कौतुक अजून मनात आहे.

वाडीत माझं स्वागत जोरात झालं आणि पहिल्याच डावात घोटाळा कळला. पानं वाटतानाच सगळ्यांना दिसायचं की निळी पाठ कुणाकडे गेली. कुणाकडे दश्शी आहे हे समोरच्याला आधीच ठाऊक असेल, तर खेळायचं काय? एक जण म्हणाला, फेकून द्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा ठकूबाई पुढे झाली.

"शेजारनीचं दार उघडं दिसलं म्हणून तुमी आत शिरून तिचं डबं उघडता काय?" तिने विचारलं. "नाय ना? मग ही दश्शी म्हंजे तसंच उघडं दार समजा. दिसली तर दिसली. खेळताना दिसली नाय."

झालं, वाडीचा तोच कायदा ठरला. एखाद्याच्या हातात मी दिसले की कुणी छताकडे बघे, कुणी उगाच खाकरे. नवखा माणूस बसला की त्याला आधी हा कायदा सांगायचे. मोह कुणाला होत नाही? पण दिसत असूनही न बघण्याची या माणसांनी सवयच लावून घेतली. मला ही माणसं फार आवडली. माझे कोपरे झिजले, चकाकी गेली, पण त्यांच्या हातांचा मला कधी कंटाळा आला नाही.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच तर बोलायला बसले आहे.

गावदेवीच्या देवळामागे पाण्याची टाकी आहे. वैशाखात डोंगरातला झरा बारीक होतो आणि टाकीतलं पाणी दोन आळ्यांना वाटून सोडावं लागतं. खालची आळी उतारावर, तिथे पाणी धावत जातं. वरची आळी टेपाडावर, तिथे ते रडतखडत पोचतं. ज्याच्या हातात टाकीची चावी, त्याने ती जरा लवकर फिरवली की वरच्या आळीचे हंडे कोरडे. चावी वर्षानुवर्षं जानूआबांकडे होती. आबांचे गुडघे गेले आणि चावी कुणाला द्यायची यावरून वाडीत दोन तट पडले.

खालच्या आळीचं म्हणणं, भरतला द्या. भरत महाडला कंपनीत कामाला जाई. मनाने दिलदार, पण हरणं त्याला सोसत नसे. वरच्या आळीचं म्हणणं, मैनाला द्या. मैनाचा नवरा मुंबईला, घरात दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. आदल्या वैशाखात तिने ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी भरलं होतं. चावी तिला मिरवायला नको होती. आपल्या आळीचं पाणी वेळेआधी बंद होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

बैठका झाल्या, भांडणं झाली, दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "पत्ते आना. जो जिकंल त्याची चावी. मंग कुनी तोंड उघडायचं नाय."

दोन्ही आळ्यांनी हे कबूल केलं. दुपारी देवळाच्या मंडपात सतरंजी अंथरली. मैनाची भिडू ठकूबाई, भरतचे भिडू आबा, आणि तीन डावांतले दोन जो जिंकेल त्याची चावी. भोवती सगळी वाडी. एवढी माणसं मी एका डावाला कधी पाहिली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, मी हरखूनच गेले होते.

पहिल्या डावात मी मैनाकडे गेले. भरतच्या नजरेने माझी निळी पाठ बरोबर टिपली. त्याने चौकटची उतारी केली, हात जिंकला, पुन्हा चौकट टाकली, पुन्हा चौकट. मैनाकडची चौकटची लहान पानं संपली आणि तिला मला टाकावंच लागलं. डाव भरतचा झाला. तो असा का खेळला हे न समजायला तिथे कुणी दूधखुळं नव्हतं. ठकूबाई जोरात खाकरली. आबा खाली बघत राहिले. मैनाने पानं गोळा करून पिसायला घेतली.

दुसरा डाव मैनाने जिंकला, अगदी निर्विवाद. आता सगळं तिसऱ्यावर आलं.

तिसऱ्या डावात मी भरतच्या हातात होते. प्रत्येकाकडे दोन-दोन पानं उरली, हुकमाची पानं तर केव्हाच संपली होती. मी सोडून बाकी तिन्ही दश्श्या पडून गेल्या होत्या, दोन मैनाकडे, एक भरतकडे. मी मैनाला मिळाले तर डाव तिचा. भरतने मला वाचवलं तर बरोबरी, पण जिंकलेले हात त्याचे जास्त असल्यामुळे डाव त्याचा.

उतारी मैनाची होती. तिच्याकडे चौकटचा एक्का होता आणि एक किलवरची पंजी. आबांच्या हातात चौकटचं एक लहान पान आहे, हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. दश्शीही त्यांच्याकडेच असेल, तर आत्ता एक्का टाकून उपयोग नव्हता, कारण ते लहान पान टाकून दश्शी वाचवणार. पण दश्शी भरतकडे एकटी असेल, तर एक्का टाकला की ती सरळ मैनाच्या पदरात. न बघणाऱ्याला हा निव्वळ अंदाज होता.

आणि माझी निळी पाठ मैनाच्या डोळ्यांसमोर होती.  मला ओरडावंसं वाटलं, अगं, टाक एक्का! त्याने बघितलं, मग तू का नाही? तुझ्या आळीचं पाणी आहे हे!

मैनाने डोळे मिटले. दोन्ही पानं पाठीमागे नेली, वर-खाली केली आणि हाताला आलं ते पान सतरंजीवर टाकलं. किलवरची पंजी होती ती. भरतकडे किलवर नव्हतं, त्याने त्या हातात मला टाकून दिलं. ठकूबाईकडे काही दम नव्हता. आबांनी किलवरचा राजा टाकला आणि माझ्यासकट हात उचलला. डाव संपला, चावी गेली.

ठकूबाई भडकली. "अगो मैने, काय केलंस ह्यां? अख्ख्या आळीचं पानी घालवलंस! डोळं कशाला मिटलंस?"

मैनाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "ठकूआय, निळी पाठ दिसली होती मला. दिसल्यावर ठरवू कशी? एक्का टाकला असता तर तो बघून टाकलेला. मुद्दाम पंजी टाकली असती तर तां पन खोटंच, मी किती चांगली ते दाखवायला. म्हणून हाताला ठरवू दिलं." पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "आळीचं वाईट वाटतंय गो. पन कायदा तूच केलेलास."

 ठकूबाईने मैनाला जवळ ओढलं आणि दोघी रडल्या. वरच्या आळीच्या बायका उठून चालू लागल्या. आबांनी ती हातभर लांब लोखंडी चावी भरतपुढे ठेवली. खालच्या आळीतून कुणी टाळी वाजवली, पण एकट्याचीच, म्हणून तीही थांबली.

भरतने चावी उचलली आणि दोन्ही हातांत धरली. मग आबांना म्हणाला, "पयल्या डावात मी पाठ बघून खेळलो, आबा. कुनी बोललं नाय, पन सगळ्यांना कळलं. ही चावी माज्याकडं ऱ्हायली, तर वरली आळी रोज माज्या हाताकडं बघत बसंल. त्यांचं काय चुकीचं पन नाय." तो उठला आणि मैनासमोर जाऊन उभा राहिला. "वयनी, तुमी घ्या. तुमच्याकडं असली तर मला टाकीवर बघायला जायाची गरज नाय. घरात निवांत झोपंन मी."

मैना घेईना. शेवटी आबांनीच दरडावलं, "घे गो! जिकलेला मानूस देतोय!" तेव्हा तिने हात पुढे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं पाणी सुटलं. आमचा डबा आदल्या दिवशी आबांच्या ओटीवर ठेवलेला, त्यात पडल्या पडल्या मी ऐकत होते. आधी खालच्या आळीत हंडे वाजले, मग चावी फिरल्याचा करकर आवाज आला आणि वरच्या आळीत बायकांचा गलका उठला. कुठेच भांडण नव्हतं. शेजारच्या घरात भरत घोरत होता.

मित्रांनो, आता मी फार थकले आहे. माझा एक कोपरा दुमडून तुटायला आला आहे. भरतने महाडहून एक नवाकोरा कॅट आणून ठेवला आहे, सगळ्या पाठी सारख्या. पाहुणे आले की तो निघतो. मुलं तर मोबाइलवरच पत्ते खेळतात, आमचा डबा महिनोन्महिने उघडत नाही. वाईट वाटतं, पण तक्रार करावी असं माझ्या वाट्याला काही आलं नाही. गणपतीला मुंबईकर येतात, तेव्हा मैना आवर्जून आमचाच कॅट काढते आणि मला हलक्या हाताने वाटते.

तुमच्या घरी ठिगळ लावलेलं, विजोड असं काही असेल तर फेकू नका, ते सांभाळा. कुणीतरी आपला भरला कॅट मोडून ते तुम्हाला दिलेलं असेल. आणि पत्ते खेळताना समोरच्याचं पान चुकून दिसलं, तर मैनासारखे डोळे मिटून हरा असं मी म्हणणार नाही, ते सगळ्यांना जमत नाही. तुम्ही फक्त त्याला एवढं सांगा, "पान सांभाळ रे, मला दिसतंय." आणि मग खुशाल जिंका.