जहरवाली अम्मा

शहराच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आमच्या वाडीजवळ नको, हे सांगायला सारी वाडी आदिलाबादच्या सरकारी ऑफिसात गेली होती. बोलली मात्र एकटी माझी सासू. पुरुष भिंतीला टेकून उभे राहिले. ज्यांनी सगळ्यांना गोळा केलं त्या अमृतरावांना, साहेब 'बोला' म्हणाले तेव्हा नेमका खोकला आला.

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, टोपलीतली वांगी साहेबांच्या टेबलावर ओतली.

"पाहा सायेब. साऱ्या शहराचा कचरा आमच्या उशाशी आनून टाकसान, त त्याचं पानी माह्याच विहिरीत उतरन. मंग हे वांगं नाही राह्यत, जहर होते जहर! तुमच्या लेकराले चारसान का?"

साहेब हसले. कारखाना नव्या पद्धतीचा आहे, थेंबभर घाण बाहेर पडणार नाही, असं गोड आवाजात म्हणाले आणि शिपायाला वांगी उचलायला सांगितली.

माझ्या दिराने, पंकजने, हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते भैंसापासून इंद्रवेल्लीपर्यंत फिरलं. वाडीत सण असल्यासारखं झालं. मीही व्हिडिओ माहेरी पाठवला. कधी नव्हे ते माझ्या सासूचं तिकडे कौतुक झालं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी नेहमीसारख्या भाजी घेऊन बाजारात बसलो होतो. एक बाई वांगी निवडत होती. तिने आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं वांगं परत टोपलीत ठेवलं. सोबतच्या बाईला म्हणाली, "ये वहीच जहरवाली अम्मा है ना?"

"अवो बाई, कारखाना अजून झालाच नाही! जागा बी मोकळीच हाय," आत्याबाई म्हणाल्या. पण ऐकायला थांबतं कोण? त्या दोघी पुढच्या दुकानाशी पोचल्याही होत्या. आत्याबाईंनी मग एक कच्चं वांगं कचाकचा चावून खाल्लं. लोक तमाशा बघायला जमले, घेतलं कुणीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऑफिसाने आत्याबाईंचा एक शब्द मानला नाही आणि बाजाराने सगळे मानले.

मग वाडीतल्या सगळ्यांनाच गिऱ्हाईक गाव विचारू लागलं. काहींनी दुसऱ्या गावाचं नाव सांगून आठवडा काढला. आत्याबाईंना तीही सोय नव्हती, त्यांचं तोंडच घरोघरी पोचलं होतं. मेथी वाफ्यात पिवळी पडली. व्यापाऱ्याने टेंपो पाठवणं बंद केलं.

अमृतराव पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "कुसुमबाई, जहर काऊन म्हनलं तुमी? जरा मोघम बोलाचं होतं."

माझं डोकंच फिरलं. "मामा, तुमचा खोकला बरा झाला का?" मी विचारलं. लोक हसले, पण आत्याबाई खाली मान घालून बसल्या. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

उन्हाळ्यापर्यंत वाफे ओस पडले. माणसं भैंसाला कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला लागली. आमच्या विहिरीजवळ घरापुरती वांग्याची चार झाडं तेवढी राहिली.

तेव्हा तेच साहेब जीप घेऊन पाहणीला आले. वाकून माती पाहिली, चहूकडे नजर फिरवली आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा. इथं बागायत नाही, जमीन पडीक. कारखान्यानं कुणाचं नुकसान होत नाही."

आत्याबाई पदरात वांगी घेऊन धावत आल्या.

"बागायत कशी नाही सायेब? हे घ्या, आताच तोडले. घरी न्या."

साहेबांचा हात पुढे झाला, मग मागे गेला. "वद्दु, अम्मा," ते तेलुगूत म्हणाले. "नको, राहू द्या."

"काऊन? कारखाना त अजून आलाच नाही. अन् आला तरी थेंबभर घान पडत नाही म्हनता."

साहेबांनी रुमालाने उगाच हात पुसले. आत्याबाई हसल्या. किती महिन्यांनी हसल्या, पण ते हसणं मला ऐकवेना.

"म्हंजे पटलं म्हना की तुमाले माहं बोलनं."

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. कारकुनाने 'पडीक' लिहिलं आणि गावचे पंच म्हणून सहीला कागद अमृतरावांपुढे धरला. त्यांनी लगेच पेन घेतलं.

या वेळी त्यांना खोकला आला नाही.