निम्मं धुतलेलं आकाश

मित्रांनो, मी खिडकीची काच नव्हे, जरी मला तशी करायला लोक निघाले होते. मी वेधशाळेतली एक जुनी काच आहे. माझ्या एका अंगावर प्रकाश टिपणारा लेप आहे. म्हणजे होता. माझी गोष्ट जरा किळसवाणी आहे. सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला.

उमेदीच्या काळात मला दुर्बिणीत बसवलं. दुर्बिणीच्या तोंडाशी लोलक होता, त्यामुळे प्रत्येक तारा ठिपका न राहता पसरला आणि त्याची जिऱ्याएवढी पट्टी झाली. हा त्याचा वर्णपट. माझ्यावर सगळं उलटं उमटतं. आकाश स्वच्छ, तारे काळे, आणि ताऱ्याच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा फटींसारख्या उजळ.

या पट्ट्या भिंगातून वाचून ताऱ्यांचे वर्ग ठरवायचं काम वेधशाळेतल्या ताईंकडे होतं. त्यांची लहानगी भाची शेजारी बसून त्यांना भंडावून सोडी. सगळ्यात ठळक पट्टी दाखवून तिनं एकदा विचारलं, हाच सगळ्यात मोठा ना?

"चमकण्यावर जाऊ नकोस, बाळ," ताई म्हणाल्या. "दारातला कंदील लांबच्या वणव्यापेक्षा मोठा दिसतो."

मग त्यांनी समजावलं. इथून तारा किती तेजस्वी दिसतो, त्यावरून त्याची प्रत लावतात, पण ती झाली इथून दिसणारी. रंगावरून तापमान कळतं: निळसर तारे सगळ्यात तप्त, मग पांढरे, पिवळे, आणि तांबडे सगळ्यात थंड. खरी ओळख पटते ती रेषांवरून. दोन तारे सारखेच तांबडे असले, तरी एकाच्या रेषा बारीक असतील तर तो फुगलेला, महाकाय. ठसठशीत असतील तर आटोपशीर, बुटका.

माझ्या कोपऱ्यात एक अंधुक तांबडा तारा आहे. ताईंना तो महाकाय वाटे. "ताई, तुम्ही डासाला हत्ती म्हणताय," असं सहकारी चिडवत. ताई हसत आणि पुन्हा भिंग लावत. माझ्यावरच थोड्या अंतरावर तसाच तांबडा, पण बुटका तारा होता. दोघांच्या रेषा एकाच काचेवर ताडून पाहिल्याशिवाय निवाडा नाही, हा त्यांचा नेम. अजून एकदा बघू म्हणता म्हणता त्या निवृत्त झाल्या.

मग तळघर. माझ्या पाकिटात झुरळांनी अंडी घातली, कडेला बुरशी चढली. तेही मी सोसलं. झुरळाला वर्णपट कळावा अशी माझी अपेक्षा नव्हती.

पण नवे व्यवस्थापक आले. काहीतरी तळलेलं खाऊन तेलकट झालेल्या बोटांनी त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं आणि तोंड वाकडं केलं. "काय डाग पडलेत. नुसती घाण. सोड्यानं धुवा आणि खिडकीला बसवा."

तारे म्हणजे घाण! एवढं बोलून त्यांनी चहाचा कप माझ्यावरच टेकवला. नंतर मला गरम पाण्याच्या बादलीत निम्मं बुडवून पात्यानं खरवडलं. लेप शेवाळासारखा सुटला. त्या बुळबुळीत काळ्या पाण्याचा वास अजून माझ्या अंगाला येतो.

ताईंची भाची आता त्याच वेधशाळेत काम करते. मावशीच्या त्या ताऱ्याचा निकाल एकदाचा लागावा म्हणून ती ताईंना नेमकी त्या दिवशी घेऊन आली. बादली पाहून दोघी दारातच थबकल्या.

"एवढ्या काचा पडल्यात," व्यवस्थापक म्हणाले. "एक गेली म्हणून काय आभाळ कोसळलं?"

"कोसळलंच की," ताई म्हणाल्या. "निम्मं त्या बादलीत आहे."

लेप कुठे उरलाय ते बघायला त्यांनी मला कडेनं धरून हलकेच तोंडाची वाफ सोडली. उघड्या काचेवर वाफ धरते, लेपावर धरत नाही. कोपरा शाबूत होता. चहाच्या चिकट वर्तुळाला लागून तो तारा तसाच होता. ताईंनी बराच वेळ भिंग लावलं.

"मावशी, बारीक आहेत ना रेषा?"

"बारीक वाटतात गं." ताईंनी भिंग शेजारी सरकवलं. तिथे नुसती वाफ होती. "पण कशाच्या मानानं म्हणू?"

मित्रांनो, जुनी काच हाती आली तर कडेनं धरा. आणि तिच्यावर डाग दिसला, तर पुसण्याआधी कुणाला तरी विचारा, तो कसला आहे. बुटका तारा गटारात वाहून गेला. माझा तारा कोपऱ्यात आहे, अजून वर्गाविना.